आग रामेश्वरी, राउटर सोमेश्वरी

(एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजच्या कार्यक्रमाची सूचना ग्रुपवर पडली आणि लगेच एक निरोप आला, 'बाकी राहू द्या, कुठला राउटर घेऊ तेवढं सांगा.' निरोप कुणाचा ते सांगत नाही, ते पहिल्याच रांगेत बसलेत. (हशा)

राउटरचं नाव मी आज सांगणार नाही. घरातलं नेट कुरकुरायला लागलं की आपला पहिला संशय राउटरवर जातो आणि तो बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. चार-पाच हजारांचा नवा डबा येतो, दोन दिवस सगळे खूश, आणि तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर लेकीचा चेहरा पुन्हा अडकतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तेव्हा आग कुठे लागलीय ते आधी बघू, बंबाचं शेवटी.

आपल्यापैकी बहुतेकांकडे आता फायबर आहे. कंपनीच्या किंवा केबलवाल्याच्या केंद्रातून काचेचा एक धागा निघतो. वाटेत खांबावर किंवा जिन्याखालच्या डब्यात स्प्लिटर असतो. तो त्या एका धाग्यातला प्रकाश ८, १६, ३२ घरांना वाटून देतो. तिथून ड्रॉप वायर आपल्या खिडकीतून आत येते आणि ओएनटी नावाच्या, त्या प्रकाशाचं नेट करणाऱ्या डब्यात शिरते. काहींच्या घरी तोच डबा वायफायही देतो, काहींनी त्याला वेगळा राउटर जोडलेला असतो. पुढचा प्रवास हवेतून, मोबाईलपर्यंत. म्हणजे हद्दी तीन झाल्या: डब्याच्या बाहेरची, खुद्द डब्याची, आणि डब्यापासून मोबाईलपर्यंतची. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे ठरल्याशिवाय पाकिटात हात घालायचा नाही.

ते ठरवायचं कसं? लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. दोन काळ्या खिडक्या उघडा, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. एकीत राउटरचा पत्ता सतत पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' असं विचारत राहा, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सर्व्हर. दोन्ही चालू ठेवून आपलं काम करत बसा. नेट अडकलं की बघायचं. राउटरची उत्तरं एक-दोन मिलिसेकंदात येतायत पण गूगलची थांबलीत, तर आग बाहेर आहे. दोन्ही थांबली, तर डबा किंवा केबल. आणि लॅपटॉपवर दोन्ही सुरळीत असताना आतल्या खोलीतला मोबाईलच रडतोय, तर वायफाय. पण हे नेट अडकलेलं असतानाच बघायला हवं. सगळं सुरळीत असताना केलेली स्पीड टेस्ट या अडकण्याच्या निदानाला काही कामाची नाही.

आणि प्लॅन वाढवून हे सुटत नाही बरं का. आपल्याकडे २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट वेग लागतो, आणि व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात. १०० चा प्लॅन अडखळत असेल तर ३०० चाही अडखळेल, फक्त बिल मोठं येईल.

बाहेरच्या हद्दीवर जरा थांबतो, कारण तिथे ग्राहकाला काहीच दिसत नाही असा समज आहे. दिसतं. ओएनटीवर 'एलओएस' लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे प्रकाशच पोचत नाही. वायर तुटली किंवा कनेक्टर निखळला. 'पॉन'चा दिवा स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत राहिला तर डबा केंद्राशी जोडून घ्यायला धडपडतोय.

पण खरा त्रास देतो तो अर्धवट बिघाड, दिवे सगळे हिरवे आणि नेट मात्र येतंय-जातंय. त्यासाठी ओएनटीच्या पानावर लॉगिन करून 'ऑप्टिकल पॉवर' बघा. उणे १९, उणे २२ असा आकडा दिसेल. एककाचं नाव डीबीएम. शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त. घरगुती डब्याला साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मधला प्रकाश चालतो. यातली गोम अशी की आकडा ३ ने घसरला की प्रकाश निम्मा झाला. म्हणजे उणे २० वरून उणे २६ वर आलात तर प्रकाश चौथाईवर आला, आणि तरी डबा चालतोय! फक्त काठावर चालतोय. मग एक जोराची सर आली, खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं, की उणे २८. नेट गेलं. ऊन पडलं, पुन्हा आलं. तुम्ही तक्रार केलीत, माणूस येईपर्यंत सगळं ठीक, आणि तो म्हणतो, 'काका, तुमचा राउटर जुना झालाय.'

म्हणून हा आकडा नेट चांगलं असताना एकदा लिहून ठेवा आणि बिघडलं की पुन्हा बघा. लाईनमन आला की 'नेट स्लो आहे' म्हणू नका. 'पॉवर उणे २१ होती, आता २७ दाखवतेय' असं म्हणा. तो पिशवीतून पॉवर मीटर काढेल. मग जॉइंट पुन्हा स्प्लाइस करणं, म्हणजे काचेची टोकं नव्याने जोडणं, किंवा टोकाचा फास्ट कनेक्टर बदलणं ही त्याची रोजची कामं आहेत.

घरातली बाजू तुम्ही तपासू शकता. सोफा मागे ढकलला आणि फायबर चेपली, भिंतीच्या कोपऱ्यात ती काटकोनात वळवून वर खिळा ठोकला, असं फार दिसतं. काच वाकते, पण तिथून प्रकाश गळतो. कनेक्टरचा रंगही बघा. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. एकात दुसरा बसतो, पण टोकं नीट टेकत नाहीत आणि पॉवर पडते. एक मात्र सांगतो, काढलेल्या कनेक्टरमध्ये डोळा लावून बघू नका. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नसतो असं नाही. आणि गणपतीच्या आधी मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या लोंबत्या केबल उचलतात किंवा कापतात, तेव्हा घरात काही उपसू नका. आधी शेजारी विचारा.

आता डबा. डबा बिघडला असं वाटलं की आधी अॅडॉप्टरकडे बघा. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, १ किंवा दीड अँपिअरचा अॅडॉप्टर असतो. वर्षानुवर्षं चोवीस तास गरम राहून त्यातले कपॅसिटर थकतात. मीटर लावला तर १२ व्होल्ट दाखवतो, पण वायफायचा भार वाढला की व्होल्टेज खाली येतं आणि राउटर स्वतःच रिस्टार्ट होतो. आपण म्हणतो, नेट गेलं. राउटरच्या पानावर 'अपटाइम' असतो, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते. तुम्ही बंद केला नसताना तो दहा मिनिटंच दाखवत असेल तर संशय अॅडॉप्टरवर. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा, तीच पिन असलेला नवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. महावितरणची लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा क्षणभरही राउटरला पुरतो बंद पडायला. तिथे छोटा मिनी यूपीएस लावा, राउटरला आणि ओएनटीला, दोघांनाही. एकालाच लावणारे पुष्कळ आहेत. (हशा)

लॅन केबलचाही एक किस्सा ऐकाच. प्लॅन ३०० चा, आणि केबलवर स्पीड टेस्ट करा, ९४ च्या वर जात नाही. ९४ दिसलं की कान टवकारा. तो १०० च्या पोर्टचा ठसा आहे. एक तर राउटरचं पोर्टच १०० चं आहे, किंवा केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटलीय. गिगाबिटला, म्हणजे १००० च्या वेगाला, आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात, म्हणून केबल बंद न पडता मुकाट खालच्या गियरवर येते. आधी केबल बदलून बघा.

वायफायबद्दल लोकांना सगळ्यात जास्त ऐकायचं असतं, पण सांगण्यासारखं कमी आहे. राउटर टीव्हीच्या मागे, गोदरेजच्या कपाटावर, आरशाशेजारी ठेवू नका. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, पण तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि या इमारतीतले सगळे राउटर त्यांवरच भांडतायत. शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात बसतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण आरसीसीच्या दोन भिंतींत दमतं. तिथे ३६ ते ४८ मधला चॅनेल ठेवा. वरचे काही चॅनेल रडारही वापरतं, त्यामुळे त्याची चाहूल लागली की राउटरला ते सोडावे लागतात.

संध्याकाळीच नेट मरतं असं अनेकजण म्हणतात. दोष कंपनीकडे असू शकतो, केंद्रावरची गर्दी. पण आधी घरात बघा, अपलोड कोण भरतंय. लग्नाहून आलेला मोबाईल वायफायवर आला आणि फोटोंचा बॅकअप सुरू झाला, की अपलोडची रांग तुंबते आणि त्या रांगेत तुमच्या कॉलचा आवाजही उभा राहतो. बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये 'क्यूओएस', म्हणजे कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय, असेल तर अपलोडला मर्यादा घाला.

मग बदलायचं कधी? ओएनटी बहुधा कंपनीचा असतो, तो बिघडला तर बदलून देणं त्यांचं काम. स्वतः विकत घेण्याआधी विचारा. राउटर फक्त २.४ वर चालणारा असेल, पोर्ट १०० चं आणि प्लॅन त्याहून मोठा असेल, किंवा कंपनीने सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं असेल, तर बदला. नवा अॅडॉप्टर लावूनही तापून अडकत असेल, तरी बदला. घर मोठं आहे, एवढ्यासाठी महागडा एक राउटर घेऊ नका. साधे दोन घ्या आणि मध्ये तांब्याची केबल ओढा. तांब्याचीच बघून घ्या, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात गळ्यात मारतात. सिग्नल हवेतूनच पकडून पुढे ढकलणारा साधा रिपीटर वेग निम्मा करतो, तो मी तरी घेत नाही.

आणि बाहेरचीच आग असेल तर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. व्हॉट्सअॅपवर केबलवाल्याला 'नेट नाही' लिहिणं ही तक्रार नव्हे. क्रमांक असला आणि दाद लागली नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

एक प्रश्न आलाय: जुन्या राउटरचं काय करायचं? चालू असेल तर आतल्या खोलीत लावा. आधी रिसेट करा, मग त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम, बंद करा, आणि मुख्य राउटरची केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या पोर्टमध्ये, न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. वॅनमध्ये घातलीत तर घरात दोन वेगळी नेटवर्कं होतील आणि प्रिंटर सापडणार नाही. पहिल्या रांगेतल्या काकांनी नवा आधीच मागवलाय म्हणे, तेव्हा त्यांनी हे लिहून घ्यावं.