मिफ्ड म्हणजे किती राग?

इंग्रजीत रागाचे शब्द पुष्कळ आहेत, पण आज मी त्यातल्या एकाच लहानशा शब्दाबद्दल बोलणार आहे: मिफ्ड. स्पेलिंगच्या शेवटी डी असला तरी बोलताना तोंडातून 'मिफ्ट' असंच येतं. कोशात बहुधा 'किंचित चिडलेला' असा अर्थ सापडतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे.

आपल्या मालवणी मुलखातलंच बघा. एसटी तासभर उशिरा आली, तुम्ही फाट्यावर उन्हात उभे. डोकं तापणारच. इथे अनॉइड म्हणा, इरिटेटेड म्हणा, पण मिफ्ड म्हणू नका. आता दुसरी गोष्ट. शेजारच्या घरी गणपतीची आरती आहे. सगळ्या वाडीत बोलावणं गेलं, तुमच्याकडे मात्र कोणी आलं नाही. मुद्दाम नव्हे, गडबडीत राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तो शेजारी पाणंदीत भेटतो आणि विचारतो, 'काय रे, आरतेक इलंस नाय?' तुम्ही चालता चालताच म्हणता, 'आमका कोण इचारता?'

हा माणूस मिफ्ड आहे. अगदी नेमका.

ते उत्तर जरा निरखून पाहा. एकटा माणूस बोलतोय, पण 'माका' (मला) सोडून 'आमका' (आम्हाला) म्हणतोय. आवाज चढलेला नाही, भांडण काढलेलं नाही. राग आहे, त्याच्याखाली दुखावलेपण आहे, आणि त्याच्याही खाली एक अपेक्षा आहे की याने तरी मला विसरायला नको होतं. ही अपेक्षा असल्याशिवाय मिफ्ड होता येत नाही. डास चावला तर आपण वैतागतो, पण डासाकडून मानाची अपेक्षा कोण ठेवतं? एसटीचंही तेच. मात्र रोजचा, ओळखीचा ड्रायव्हर तुम्हाला बघूनही गाडी न थांबवता पुढे गेला, तर तिथे मिफ्ड शोभेल.

मराठीत जवळचा शब्द रुसणं. पण रुसलेल्याला कोणीतरी येऊन आपली समजूत काढावी असं वाटत असतं. मिफ्ड माणसाला ते वाटेलच असं नाही. 'नाराज' हाही जवळचा, पण तो वर्तमानपत्रांनी राजकारणात फार वापरलाय. आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी मिफ्डचंही तेच केलंय. तिकीट नाकारलेला पुढारी मथळ्यात हमखास मिफ्ड असतो, कारण शब्द आखूड आहे, मथळ्यात मावतो. आत तो पुढारी पेटलेला असला तरी.

शब्द जुना आहे. मिफ हे नाम सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे, अर्थ रुसव्याचा छोटासा झटका. नापसंती दाखवताना तोंडातून निघणाऱ्या आवाजावरून तो आला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

आता तुमच्या कामाचं. तुमच्यापैकी कितीतरी जणांकडे पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. तारकर्लीच्या एका ताईंनी मला एका पाहुण्याचा अभिप्राय दाखवला होता. घर छान, मासे ताजे, पण थाळीबरोबर कबूल केलेली सोलकढी आली नाही, म्हणून 'वी वेअर अ बिट मिफ्ड'. मुलाने मोबाइलवर अर्थ काढला तो 'संतापलेले'. ताई हबकल्या, पैसे परत करायला निघाल्या. मला त्यांचं फार वाईट वाटलं, कारण पाहुण्यांना पैसे नकोच होते. शब्द देऊन आम्हाला विसरलात, एवढंच त्यांचं म्हणणं. अशा वेळी 'सोलकढी द्यायची राहून गेली, आमचं चुकलं' एवढी सरळ ओळ लिहावी. गर्दी किती होती, गॅस कसा संपला, ही कारणं देऊ नयेत. दुखावलेला माणूस कारणांनी अधिकच दुखावतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'अ बिट' हे शब्द मिफ्डच्या आधी बऱ्याचदा असतात, आणि इंग्लंडच्या माणसाला राग कमी करून सांगायची सवय असते. तो 'अ बिट मिफ्ड' म्हणाला तर प्रकरण त्याहून थोडं मोठं असू शकतं, हे धरून चाला.

व्याकरण सोपं आहे. माणसावर राग असेल तर 'मिफ्ड ॲट हिम' किंवा 'विथ हिम', गोष्टीबद्दल असेल तर 'अबाउट इट', आणि कारण पूर्ण सांगायचं तर 'मिफ्ड दॅट' म्हणून पुढे वाक्य जोडायचं. 'ही मिफ्ड मी' असं म्हणता येतं, पण 'आय वॉज मिफ्ड' हेच जास्त कानावर पडतं.

आणि हा शब्द घरगुती आहे. मित्राला मेसेज करताना, गप्पांत बिनधास्त वापरा. बँकेला तक्रार लिहिताना किंवा नोकरीच्या अर्जात तो घालू नका. तक्रारीत 'डिसअपॉइंटेड' लिहा.