वादी

(दृश्य: आरीचं टोक कातड्यात शिरतंय. फक्त आवाज. निवेदन पाच सेकंदांनी.)

म्हशीचं कातडं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, रात्रभर पाण्यात भिजवून मऊ केलेलं. आरी आधी भोक पाडते, मग त्या भोकातून कातड्याचीच बारीक पट्टी ओवून ओढून घ्यायची. या पट्टीला म्हणतात वादी. तळव्याचे थर एकमेकांना धरून ठेवते ती ही वादी. खिळा कुठंच नाही. टाका नीट बसला की पुढचं भोक, पुन्हा वादी, पुन्हा ओढ. अंगठ्याजवळ टाके जवळजवळ घ्यायचे, कारण चप्पल आधी तिथंच उसवते.

(दृश्य: रापीनं पट्टा कापताना हात. मागं भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो.)

कोल्हापूर, सुभाषनगर. खोली लहान, त्यात चार माणसं. पट्ट्याच्या वेण्या बायकांच्या हातच्या, तळव्याची शिलाई पुरुषांकडं. ही वाटणी कधी झाली, ते कुणी सांगत नाही. ज्यांची ही गोष्ट आहे ते म्हणाले, नाव घालू नका. म्हणून आपण त्यांना दादा म्हणू. तिसरी पिढी. माल जातो चप्पल लाईनला, म्हणजे शहरातल्या चपलांच्या दुकानांच्या रांगेला, उरलेला जत्रेत.

(दृश्य: रात्र. पाटावर टेकवलेला मोबाईल, पडद्याचा उजेड दादांच्या चेहऱ्यावर.)

आणि रात्री दहानंतर हेच दादा मराठी विकिपीडियाचे संपादक असतात.

सुरुवात रागानं झाली. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये मॉडेलच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आणि गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर तेच फोटो फिरायला लागले. दादांनी शोधायला म्हणून 'कोल्हापुरी चप्पल' टाकलं. पान उघडलं. त्यात लिहिलेलं, की या चपलेचं भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव कुठल्या भागातल्या मालाचं ते सांगणारी सरकारी नोंद, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे.

"कर्नाटक? आणि हे कुठनं आलं मधीच?"

वर 'संपादन' असं लिहिलेलं होतं. दाबलं. ते वाक्य पुसलं. जतन केलं. कुणी अडवलं नाही.

सकाळी चहाच्या वेळी बघितलं, तर वाक्य परत जागेवर.

(दृश्य: 'इतिहास पहा' टॅबवर बोट. पडदा हळूहळू वर सरकतो. ही रीळ पूर्ण वापरायची.)

इथं जरा थांबू. विकिपीडियावर खऱ्या गोष्टी घडतात त्या लेखाच्या पानावर नाही, या पानावर. प्रत्येक बदल, करणाऱ्याचं सदस्यनाव, तारीख, मिनिटापर्यंत वेळ. वाढलेल्या मजकुराचा आकडा हिरवा, कमी झालेल्याचा लाल. देवनागरीतलं एक अक्षर तीन बाइट खातं, वर काना-मात्रा वेगळी, त्यामुळे मराठीत एक वाक्य पुसलं तरी लाल आकडा भलता मोठा दिसतो. दादांचा आकडा ठळक लाल होता. बदल करताना खाली 'सारांश' नावाची एक ओळ असते, आपण हे का केलं ते दोन शब्दांत लिहायला. दादांनी ती रिकामी सोडली होती. वाक्य परत लावणाऱ्या समोरच्यानं भरली होती: 'संदर्भासह मजकूर कारण न देता वगळला, म्हणून पूर्ववत.'

मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा. तेव्हापासूनचं हे सगळं असं उघडं पडलेलं आहे, कुणीही येऊन वाचावं. एवढं उघडं दप्तर दुसऱ्या कुठल्या कचेरीत सापडतंय का बघा, आम्हाला तरी सापडलेलं नाही.

(दृश्य: 'उलटवा' या शब्दावर अंगठा. दाबतो. पुन्हा दाबतो.)

दादांनी 'उलटवा' दाबलं, म्हणजे समोरच्याचा बदल रद्द. समोरच्यानंही दाबलं. दुपारी जेवता जेवता पुन्हा. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा असं उलटवलं, तर खातं थेट बंद होऊ शकतं. अशा भांडणाला तिथं संपादन-युद्ध म्हणतात. दादांना हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्या दिवशी थांबले असते, असं त्यांचं स्वतःचंही म्हणणं नाही.

"मला वाटलं, पुण्याचं असणार कोणतरी. एसीत बसून शिकवतंय आम्हाला."

मग त्यांना 'चर्चा' हा टॅब सापडला आणि तिथं त्यांनी लिहिलं. जसंच्या तसं वाचतो: "तीन पिढ्या चप्पल शिवतोय आम्ही. तुम्ही कधी आरी हातात धरलीय काय? नसेल तर गप बसायचं." खाली सही नाही. चर्चेत सही करायला चार टिल्डे (~~~~) टाकायचे असतात, तेही तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यामुळे हे कोण बोललं, ते बघायलाही इतिहास उघडावा लागतो.

पान काही दिवस सुरक्षित झालं, म्हणजे संपादनाला कुलूप, दादांचं खातं एक दिवस बंद राहिलं, आणि त्या पंधरवड्यात दोन ऑर्डरी उशिरा गेल्या.

(दृश्य: पावसात भिजणारी चप्पल लाईन. दुकानदार प्लॅस्टिक ओढून घेतोय.)

त्या एका दिवसात एका प्रचालकानं, म्हणजे पानं सुरक्षित करायचा आणि खाती बंद करायचा अधिकार असलेल्या संपादकानं, दादांच्या चर्चापानावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. स्वागताचा ठरीव, आपोआप चिकटणारा मजकूर नव्हता, माणसानं हातानं लिहिलेलं होतं. मतलब असा, की तुम्ही चांभारकाम जाणता याबद्दल कुणाला शंका नाही. पण वाचणाऱ्याला तुमचा हात दिसत नाही, त्याला फक्त छापलेला संदर्भ तपासता येतो. समोरच्यानं दिलेला संदर्भ वाचा. तो चुकीचा असेल तर का चुकीचा ते सांगा. समोरच्याविषयी काही सांगू नका.

दादा म्हणतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जास्तच राग आला. ज्याला येतंय त्याचं चालत नाही आणि ज्यानं वाचलंय त्याचं चालतंय, हा कसला न्याय? प्रश्न बरोबर आहे. नव्या संपादकाचं बहुतेक भांडण इथंच अडतं. गावातली यात्रा, घरातला पदार्थ, स्वतःचा धंदा, ज्यातलं आपल्याला सगळ्यांत जास्त कळतं तिथंच संदर्भ नसतो, आणि तिथंच कुणीतरी येऊन 'संदर्भ हवा' असं चिकटवून जातं. ते वाचलं की आपल्याला खोटारडं म्हटल्यासारखं वाटतं. तसं म्हटलेलं नसतं.

(दृश्य: मोबाईलवर सरकारी कागद, बोटानं मोठा केलेला.)

दादांनी शेवटी संदर्भ वाचला. मानांकनासाठी अर्ज केला होता तो दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून. मानांकन मिळाल्याची बातमी आली २०१९ मध्ये. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. आठ नावं. पाठीमागं बसलेल्या थोरल्या काकांना त्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली.

(दृश्य: काका मान न उचलता बोलतात.)

"मग? अथणीवाले काय आज शिवायला लागलेत? आपल्या आजानं माल आणलाय तिथनं."

अथणी बेळगाव जिल्ह्यातलं. कॅमेरा चालू होता. दादा काही बोलले नाहीत.

(दृश्य: महामार्ग, कोगनोळी टोलनाक्याकडं जाणाऱ्या गाड्या.)

सही करायला शिकल्यावर दादांनी चर्चापानावर पहिली गोष्ट लिहिली ती ही, की आठ जिल्ह्यांचं वाक्य बरोबर आहे, मी पुसायला नको होतं. दुसरी ही, की पण वाक्य पहिल्याच ओळीत असल्यामुळे वाचणाऱ्याला नाव कोल्हापूरचं का, ते कळत नाही. ते मानांकनाच्या परिच्छेदात न्यावं काय? यावर सात-आठ उत्तरं-प्रत्युत्तरं झाली. समोरच्याचं म्हणणं पडलं, की खाली न्या, पण कर्नाटकातली चारही नावं राहू द्या, 'काही जिल्हे' असं करू नका. दादांनी ते मानलं. वाक्य हललं, एक शब्दही गळला नाही.

त्याच चर्चेत कळलं, समोरचा पुण्याचा नव्हता. निपाणीचा. इथून चाळीसेक किलोमीटर. घरात मराठी, शाळा मराठी, राज्य कर्नाटक. तिकडचं चित्रीकरण झालं नाही. त्यानं पुढं संपादनं कमी केली, असं इतिहासावरून दिसतं.

(दृश्य: पुन्हा खोली. दादा मोबाईल काठीला बांधून खाली धरतात, काकांच्या हातावर.)

आता राहिलं ते दादांना जे खरंच येतं, ते. शिवण कशी घालतात यावर त्यांनी मोठा परिच्छेद लिहिला होता, तो संदर्भाअभावी निघाला. या वेळी उलटवलं नाही. चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर विचारलं, मग हे लिहायचंच नाही काय? तिथं एकानं सांगितलं: स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक फोटोसाठ्यावर, मुक्त परवान्यानं चढवा. फोटोला छापील पुरावा लागत नाही, काढणारा तुम्हीच.

(दृश्य: फोटो एकामागून एक. निवेदन कमी, आवाज खोलीतला.)

कमावलेलं कातडं. रापी. भिजवलेला तळवा. आरीचं पहिलं भोक. वादी ओवताना काकांचा अंगठा, नखाजवळ जुनी चीर. वेणी घालणारे हात, बांगड्यांसकट. कान, पट्टा, गोंडा. तेलाचा शेवटचा हात.

दोन राज्यांच्या भांडणातून एका पानाला हे मिळालं. कुठल्याही भाषेतला कुठलाही संपादक आता हे फोटो उचलून आपल्या लेखात लावू शकतो, अथणीवरच्या लेखातसुद्धा.

(दृश्य: मोबाईलवर सूचनेची लाल खूण. दादा उघडतात.)

मागच्या आठवड्यात कुणीतरी नवीन आलं. सदस्यनाव लाल, म्हणजे अजून स्वतःचं पानही केलेलं नाही. पाचव्या फोटोखालचा 'वादी' हा शब्द त्यानं 'वाधी' केला. सारांशाची ओळ रिकामी.

"आमच्याकडं वादीच म्हणत्यात," दादा म्हणाले. मग काकांना विचारलं. काका म्हणाले वाधी.

(दृश्य: मोबाईल पालथा पाटावर. आरी. पुढचं भोक.)