वय विचारू नका, दाखला बघा! सतरा वर्षांचं पोरगं मोठ्यांच्या जेलात जातं कसं?

नमस्कार मंडळी. आज पंखा बंद आहे. मागच्या व्हिडिओखाली कायद्यावर आठ कमेंट आणि पंख्याच्या आवाजावर चाळीस. घ्या, मी घाम पुसत बोलते, तुम्ही निवांत ऐका.

पोळा झाला की मला दरवर्षी एकाच छापाचे मेसेज येतात. यंदाचा पहिला एका गणेश मंडळाचा: "वकीलताई, औंदा देखावा मुलांवर करायलोत. अल्पवयीन गुन्हेगारी. बोर्डावर काय लिहावं?" दुसरा कॉलेजच्या सरांचा. एनएसएसचं शिबिर आहे, १४ नोव्हेंबरला बालदिनी गावात जनजागृती करायची आहे, तासभर या म्हणाले. तिसरा एका ताईंचा, त्यांना पथनाट्याची संहिता हवी. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच बोलते.

आधी पाया. पटापट जाते, कारण हे तुम्ही दहा ठिकाणी ऐकलंय. अठरा पूर्ण नसतील तर कायद्याला ते मूल, पोरगा असो की पोरगी. १९८६ च्या कायद्यात पोरांसाठी रेघ सोळावर होती, २००० च्या कायद्यानं ती दोघांनाही अठरावर आणली. आत्ताचा बाल न्याय अधिनियम २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, जेलात ठेवायचं नाही, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक बाई. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारा. मोफत वकील हवा तर १५१०० वर फोन, मुलांच्या मदतीसाठी १०९८ वर. झालं.

आता तुमच्या कमेंट. "मॅडम, सोळाच्या वर डायरेक्ट जेल असतंय, उगं लोकांना येडं बनवू नका." दादा, डायरेक्ट काही नसतं. सोळा ते अठरामधल्या मुलावर ज्या गुन्ह्याला किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे असा आरोप असेल, तरच मंडळ त्याची मानसिक-शारीरिक कुवत, परिणामांची समज, घटनेची परिस्थिती तपासतं. तीन महिन्यांत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तसा माणूस मदतीला घ्यावाच लागेल. त्यानंतरही खटला जातो बाल न्यायालयात, तिथं पुन्हा विचार होतो, आणि एकवीस वर्षांचा होईपर्यंत तो मोठ्यांच्या जेलात जात नाही. फाशी तर नाहीच.

"किमान" हा शब्द नीट ऐका. आपल्याकडे भांडणात डोकं फुटलं की लोक म्हणतात "तीनशे सात लागला", म्हणजे खुनाचा प्रयत्न. नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १०९ झालं, तोंडात मात्र तीनशे सातच आहे. तर या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षं लिहिलेली नाहीत. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असा गुन्हा त्या वरच्या गटात बसतच नाही. म्हणजे तीनशे सातचं सतरा वर्षांचं पोरगं मोठं धरून चालवता येत नाही. तरी अशी पोरं मोठ्यांत सापडतात. कशी, तेच आजचं बोलणं आहे.

थांबा, पुण्याच्या गाडीचं आधी उरकते, नाहीतर खाली परत "निबंध लिहा आणि सुटा" सुरू होईल. मे २०२४ ची ती घटना, अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, जामिनाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली म्हणून सगळा देश चिडला. त्या मुलाला प्रौढ धरण्याची पोलिसांची मागणी मंडळानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली. तुमचा राग मला कळतो. पण तो मुलगा पहिल्याच दिवशी बाल न्याय मंडळापुढे उभा होता, आणि कायद्यानं तिथंच उभा राहायला हवा होता. माझा प्रश्न एवढाच की आमच्याकडचं पोरगं पहिल्या दिवशी तिथं का पोचत नाही?

वयामुळं. वयाच्या कागदामुळं. आजचा व्हिडिओ एवढाच आहे. इथं थांबून कमेंट करायची असेल तर करा.

माझ्याकडची एक गोष्ट सांगते. पोराचं नाव, गाव, ठाणं काही सांगणार नाही, मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्टेटसला फोटो ठेवून डोळ्यांवर काळी पट्टी मारणाऱ्यांनो, तुम्हालाही लागू आहे. अंगावरच्या शर्टवरून सगळं गाव ओळखतं हो! असो. पोरगं एका औद्योगिक वसाहतीत कामाला होतं. अठराच्या आतल्याला गेटपास मिळत नाही, म्हणून ठेकेदारानं आधार "अपडेट" करून आणायला लावलं. एका झटक्यात पोरगं एकोणीस वर्षांचं झालं. रात्री खोल्यांवर भांडण, एकाचं डोकं फुटलं, पोलिसांनी पाच जण उचलले. ठाण्यात विचारलं, वय किती? ठेकेदारानं पढवलेलंच बोललं: एकोणीस. लिहिलं एकोणीस. आधी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग जेल.

त्याची आई माझ्याकडे आली तेव्हा चौतीस दिवस झाले होते. म्हणाली, "माय, माझं लेकरू तर आताशी दहावी नापास झालंय, एकोणीसचं कुठून झालं?" मी म्हणलं, टीसी कुठाय? टीसी शाळेतच, काढलाच नव्हता. शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या. गुरुजी परळीला सासुरवाडीत. कपाटाची चावी गुरुजींच्या बायकोच्या पर्समध्ये. हसू नका, त्या चावीपायी लेकरू आणखी नऊ दिवस आत राहिलं. शेवटी जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदीच्या वहीचा, उतारा हातात आला. घटनेच्या दिवशी वय सोळा वर्षं आणि चार-साडेचार महिने.

घटनेच्या दिवशी. अटकेच्या नाही, खटल्याच्या नाही. ज्या दिवशी गुन्हा घडला म्हणतात त्या दिवशीचं वय. एवढं गणेश मंडळाच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा.

आता वकिलाच्या बाजूनं तेच सांगते. कलम ९४ मध्ये वय ठरवायची उतरंड आहे. पहिल्या पायरीवर शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला. यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक निघू शकतो, म्हणून ती शेवटी. आता सांगा, या यादीत आधार कुठाय? नाहीच! ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच कलम दाखवून आधारवरून वय ठरवणं नाकारलं, शाळेचा दाखला धरला. मिशीवरून वय ओळखणाऱ्या हवालदारांसाठी तर यादीत जागाच नाही.

आणि आता गुरुजींच्या बाजूनं, कारण इथं आपल्या मराठवाड्याची खरी गंमत आहे. हात वर करा, तुमच्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे ना? काकांचीही? माझ्या आईची १ जून, मामांचीही १ जून! शाळा जूनला उघडायची, गुरुजी दारात आलेल्या पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचे, आणि पहिलीत बसवायला सहा वर्षं भरतील अशी तारीख टाकून द्यायचे. आता जन्मनोंदी बऱ्याच सुधारल्यात. पण उसाच्या फडावर, पालावर जन्मलेल्या लेकरांची नोंद आजही राहून जाते आणि रजिस्टरात अंदाजे तारीख पडते. पाच वर्षांच्या पोराला सहाचं करून पहिलीत बसवलं, तर तेच पोरगं सतराव्या वर्षी कागदावर अठराचं होतं. त्या एका वर्षानं बाल न्याय मंडळ की जेल हे ठरतं. तारीख चुकली असेल तर पोरगं शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर ती दुरुस्ती म्हणजे हेलपाटेच हेलपाटे.

तुम्ही म्हणाल, ताई एकच रेकॉर्ड वाजवायलात. हो, वाजवायलेच. या रजिस्टरची ताकद बघा. १९९४ मध्ये पुण्यात एक भयंकर हत्याकांड झालं. त्यातल्या एका आरोपीला फाशी सुनावली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायमही केली. तो येरवडा, नागपूर करत आत राहिला. मग राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पुढं आलं, नाव थोडं वेगळं लिहिलेलं. चौकशी झाली. गुन्ह्याच्या वेळी वय निघालं बारा वर्षं सहा महिने. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं, अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ आत काढल्यावर. अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कधीही, निकाल लागून गेल्यावरही काढता येतो, म्हणून तो सुटला. पण अठ्ठावीस वर्षं, आणि मूळ कागद शाळेच्या कपाटात.

असे किती असतील? आयप्रोबोनो या संस्थेनं माहिती अधिकारातून आकडे गोळा केले. २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत देशातल्या तुरुंगांत चुकून डांबलेली किमान ९,६८१ मुलं सापडली. २०२४ च्या सुरुवातीला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं तुरुंगांत जाऊन अशी मुलं शोधायची मोहीमही घेतली. काम चांगलं आहे. पण मूल आत गेल्यावर शोधण्यापेक्षा गावात कागद तयार ठेवणं स्वस्त पडतं.

आता कार्यक्रमाकडे येते. अमेरिकेत ऑक्टोबर महिना याच विषयासाठी पाळतात. सुरुवात मिझुरी राज्यातल्या एका आईनं केली. तिच्या मुलाला मोठ्यांच्या कोर्टात चालवलं, आणि २००८ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, त्यानं कोठडीत जीव दिला. त्या बाईनं आपल्या गावात पाच किलोमीटरची दौड ठेवली, लोकांना कळावं म्हणून. तेव्हा तिथं सतरा वर्षांचं पोर थेट मोठ्यांत धरायचे. त्या राज्यानं २०१८ मध्ये कायदा करून वय अठरा केलं. दहा वर्षं लागली.

तिथं कायदाच वाईट होता, त्यामुळं दौड, मोर्चा, आमदारांना पत्रं हे सगळं बरोबर होतं. आपल्याकडे कायद्यात लिहिलंय चांगलं, गाडी अडते ती टीसीवर. त्यामुळं माझ्या गावात कुणी दौड ठेवली तर मी येईन, टाळ्याही वाजवीन, पण लेकरू त्यानं सुटणार नाही. आणि तुमचे ते शाल-श्रीफळाचे कार्यक्रम! मागच्या वर्षी एका ठिकाणी मला बोलावलं. सत्कार पन्नास मिनिटं, दीपप्रज्वलन दहा, प्रास्ताविकात "आजची पिढी मोबाईलनं बिघडली" पंधरा मिनिटं, मला सात. समोर बसलेली पोरं जांभया देऊ लागली. देणारच.

आणि सर, तुमच्या १४ नोव्हेंबरबद्दल. मनापासून सांगते, राग मानू नका. बीडच्या, धारूर-वडवणीच्या वस्त्यांवर नोव्हेंबरात असतं कोण? दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता निघाला. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी गाड्या भरून कारखान्यावर, मागे म्हातारे आणि कुत्री. पंधरा-सोळाची पोरंही बापाच्या मागं फडावर जातात आणि वय विचारलं की मुकादमानं सांगितलेलं सांगतात. ज्यांच्यासाठी शिबिर, ते त्या दिवशी कोल्हापूर-सांगलीत मोळ्या बांधत असतात. म्हणून गणपतीत घ्या, फार तर घटस्थापनेपर्यंत.

मंडळाच्या पोरांनो, देखावा करायचाच तर जेलच्या गजांमागं रडणारं पोरगं नका उभं करू. बघणारे सेल्फी काढतात आणि पुढच्या मंडळाकडे जातात. मांडवात एक टेबल टाका. मुख्याध्यापकांना विनंती करा, दोन संध्याकाळी जनरल रजिस्टर घेऊन बसतील का म्हणून. रजिस्टर शाळेबाहेर नेता येत नाही म्हणाले तर तुम्हीच शाळेत जा. ग्रामसेवकालाही बोलवा, ज्यांची जन्मनोंदच नाही त्यांची यादी निघेल. ज्या घरात बारा ते अठराचं पोर आहे, त्यानं दाखला काढायचा, एक प्रत पेटीत, एक फोटो आईच्या मोबाईलमध्ये आणि एक मामाच्या. मामाच्या का? कारण आई फडावर असते आणि तिच्या मोबाईलला रेंज नसते. आणि पोराला एकच वाक्य पाठ करून घ्यायचं: "साहेब, माझा दाखला शाळेत आहे, मला बाल न्याय मंडळापुढे न्या." काम मिळवायला कुणी एकोणीस सांग म्हणलं असेल, तरी ठाण्यात एकोणीस सांगायचं नाही.

माझ्याकडचं ते पोरगं पुढं बाल न्याय मंडळापुढे आलं, जामिनावर घरीही आलं. केस अजून चालू आहे म्हणून जास्त बोलत नाही. गुरुजींचा मात्र मागच्या आठवड्यात फोन आला होता. म्हणाले, "ताई, यंदा कपाटाची दुसरी चावी शिपायाकडं ठेवलीय. झेरॉक्सचं मशीन गावात नाही, त्याचं काय करायचं तेवढं सांगा." केज किंवा धारूरच्या बाजूला कुणाकडं जुनं, चालू मशीन पडून असेल तर खाली लिहा.

आता लाव रे बाबा पंखा.