कांद्याच्या जाळीतला साबण

(दृश्य: मधली सुट्टी, नळांजवळची गर्दी)

घंटा झाली, की शाळेतली पहिली झुंबड इथे, आणि व्हायरल मेनिंजायटिस या मेंदूच्या आवरणाच्या आजाराला दूर ठेवायची सुरुवातही इथेच. सहा नळ, आणि प्रत्येक नळाशी कांद्याच्या जाळीत बांधलेला साबण. जाळीतला साबण निसटत नाही, चिखलात पडत नाही आणि कुणाच्या खिशातून घरीही जात नाही!

या मुलीकडे नीट बघा. तळवे झाले, बोटांच्या बेचक्या झाल्या, आता नखं तळव्यावर घासतेय. मागचा ढकलतोय, पण हिची घाई नाही.

व्हायरल मेनिंजायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला येणारी सूज. मुलांमध्ये ती बहुतेक वेळा एन्टेरोव्हायरस गटातल्या विषाणूंमुळे येते. ते लाळेतून पसरतात, शौचातून पसरतात; मूल बरं झालं तरी काही आठवडे शौचावाटे पडत राहतात. म्हणून आजारी पोराला घरी ठेवलं, की झालं, असं नाही. सॅनिटायझरचाही यांच्यावर फारसा जोर चालत नाही, कारण या विषाणूंना चरबीचं कवचच नसतं. साबणाने चोळून वाहत्या पाण्यात धुतलेले हात, हेच खरं.

साबणाला पैसे कुठून? सादिलात, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशात, किती गोष्टी बसवणार? म्हणून वाढदिवसाला चॉकलेटऐवजी साबणाच्या दोन वड्या, असं पालकांनीच ठरवलंय.

(दृश्य: पाण्याचं पिंप, शौचालय)

पिंपाजवळ मावशी. ओगराळं त्यांच्याच हातात. कुणाचा पेला पिंपात बुडत नाही. शौचालयाच्या कड्यांवरून टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) पाण्याचं फडकं रोज फिरतं.

(दृश्य: वर्ग)

ताप आणि डोकेदुखी असलेल्या मुलाला बाई हनुवटी छातीला टेकवायला सांगतात. मान वाकत नसेल, उजेड सोसत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर थेट दवाखाना. तिथे तपासणीसाठी मणक्यातलं पाणी काढतात. घरचे घाबरतात, पण जिवाणूंचा मेनिंजायटिस काही तासांत जिवावर बेतू शकतो आणि वरवर दोन्ही सारखेच दिसतात. विषाणूचा निघाला तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. विश्रांती, पाणी, तापाचं औषध. बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत बरी होतात, काहींचा थकवा आणि डोकेदुखी मात्र रेंगाळते. शाळेला कुलूप लावावं लागत नाही, आणि शेजारी बसणाऱ्यांना गोळ्याही लागत नाहीत.