बहीण तिकडे गेली, शोक इथे करायचा

श्रोते हो, नमस्कार.

बहीण किंवा भाऊ परदेशात वारला की भेटायला येणारी माणसं आईजवळ बसतात, आणि ते बरोबरच आहे. पण तिकडचे फोन घेणारा, आईला बातमी सांगणारा, सुतकाचे दिवस मोजणारा असतो तो इथे राहिलेला भाऊ. त्याच्याजवळ कोणी बसत नाही. आज त्याच्याविषयी बोलू.

सुतकाचं आधी सांगतो. दहा दिवसांच्या आत कळलं, तर उरलेले दिवस सुतक. देह इथे नाही म्हणून काही अडत नाही. फोटोजवळ दिवा लावा, गुरुजींना विचारून दहावा आणि तेरवी करा. अस्थी यायची वाट पाहू नका, त्यांना महिनेही लागतात. आणि तेरवी पन्नास पानांची पुरे. सभागृह घेऊन तीनशे माणसं जेवू घालायची जी रीत आपल्याकडे वाढली आहे, ती मला मुळीच पटत नाही. वाढप्यांच्या मागे धावताना घरच्यांना रडायलाही सवड होत नाही.

आता घड्याळाचं. अंत्यविधी तिकडून कॅमेऱ्यावर दाखवतात आणि घोळ होतो तो इथे. अमेरिकेतलं न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. पुन्हा सांगतो, उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. तिकडची घड्याळं बदलतात मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी.

नागपूरच्या प्रतापनगरातल्या एका घरी नेमकं हेच झालं. थोरली बहीण तिकडे वारली. विधी सोमवारी सकाळी दहाला आणि घड्याळं आदल्याच दिवशी बदललेली. घरच्यांनी जुना हिशोब धरून संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावला. खरी वेळ साडेआठची. तिकडच्या माणसाने तपासायला म्हणून कॅमेरा आधीच सुरू केला होता. रिकाम्या खुर्च्या आणि उघड्या पेटीत ताई. चूक लक्षात आली तसे नातेवाईक चहाला अंगणात गेले. धाकटा भाऊ टीव्हीसमोरच बसून राहिला आणि बोलायला लागला. "ताई, चष्मा वाकडा लावला ना तुझा त्यांनी." मग घरचं सगळं सांगितलं, रविवारच्या फोनवर सांगायचा तसंच. अंबिया बहराची संत्री निघाली, आईचे गुडघे सुजले, मागची भिंत पडली ती पुन्हा बांधली. मधेच चिडलाही. "बाबा गेले तेव्हा काहून नाही आली तू? मी तेव्हा काही म्हटलं नाही, आज म्हणतो." रडला, पुन्हा बोलला. कोणी आत गेलं नाही. साडेआठला तिकडे माणसं जमली, इंग्रजीत भाषणं झाली, चाळीस मिनिटांत आटोपलं. त्या भाषणांतलं एक वाक्य त्याला आठवत नाही. आधीचा तास मात्र तो आजही शब्दन्‌शब्द सांगतो.

म्हणून भाच्याला आधीच फोन करा आणि कॅमेरा अर्धा तास लवकर सुरू करायला लावा. त्या अर्ध्या तासात खोलीत फक्त भावंडं. फक्त भावंडं.

आता अस्थी. अमेरिकेहून विमानात हातातल्या सामानात आणताना धातूचा कलश नको. एक्स-रेत आतलं दिसलं नाही की अडवतात. लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी चालते. सोबत मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र. तांब्याचा कलश इथे इतवारीच्या बाजारातून घ्या.

घरातल्या मोठ्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. तिकडे दहनानंतर हाडं दळून देतात. आपल्यासारखी वेचलेली फुलं, म्हणजे हाडांचे तुकडे, नसतात. असते ती दोन-तीन किलो करडी पूड, प्लास्टिकच्या पिशवीत, बहुधा नंबर कोरलेल्या धातूच्या चकतीसकट. रामटेकला अंबाळा तलावाच्या काठावर पिशवी पहिल्यांदा उघडली की म्हातारी माणसं हबकतात, "ही आपलीच पोर ना?" म्हणून विचारतात. म्हणून निघण्याआधी अंगणातच पूड कलशात काढा, चकती बाजूला करा. पूड वाऱ्यावर उडते, डोळ्यांत जाते. तेव्हा वारा पाठीशी घ्या, दोन पायऱ्या खाली उतरा, कलश पाण्याला टेकवून हळूहळू ओता. पिशवी तलावात टाकू नका. आणि मुलगा तिकडून आलेला असला, तरी पहिली ओंजळ भावाला सोडू द्या.