माजी सैनिक आमदार झाला, तर त्याच्याकडून काय मागायचं?

(वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

राजेहो, मघाशी प्रास्ताविकात सांगितलं, की आज माजी सैनिकांचा सत्कार आहे, तेव्हा व्याख्यानही शौर्यावर हवं. शौर्यावर बोलायचा अधिकार माझ्यापेक्षा समोरच्या दोन रांगांना जास्त. मी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बातम्या देत आलेला माणूस. मला थोडंफार सभागृह कळतं, म्हणून त्याच अंगानं बोलतो.

आधी कायद्याचं पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ३३ प्रमाणे सैन्यदलातल्या माणसाचे मूलभूत हक्क संसद मर्यादित करू शकते. म्हणून नोकरीत असेतोवर जवानाला राजकीय सभेला जाता येत नाही, पक्षाचं काम करता येत नाही. मत तेवढं टपालानं देतो. हे बरोबरच आहे. फौज राजकारणात उतरली की काय होतं ते शेजारी देशांत दिसतंच. पण उमेदीची पंधरा-सतरा वर्षं ज्यानं हुकूम पाळला, तो गावी आल्यावर ग्रामसभेतही उठून बोलत नाही. आणि आमदाराचं तर कामच विचारण्याचं. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, शिवाय लक्षवेधी सूचना, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा, सगळा कारभार विचारण्यावर चालतो.

देशातल्या विधानसभांमध्ये फौजेतून आलेले लोक आहेत. हिमाचलात सोलनचे कर्नल धनीराम शांडिल आहेत. ऑलिम्पिकचं रौप्यपदक मिळवलेले कर्नल राज्यवर्धनसिंह राठोड २०२३ साली राजस्थान विधानसभेत गेले. पंजाबात कॅप्टन अमरिंदरसिंग, उत्तराखंडात मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी मुख्यमंत्री झाले. नावांआधीचे हुद्दे ऐका. कॅप्टन, कर्नल, जनरल. हवालदार कुठं आहे? आपल्या विदर्भातून फौजेत गेलेली बहुतेक पोरं शिपाई म्हणून गेली आणि नायक, हवालदार, फार तर सुभेदार होऊन परतली. चाळिशीच्या आत-बाहेर माणूस मोकळा, तब्येत ठणठणीत, देश पाहिलेला. तो फार तर सरपंच होतो. विधानसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करायची मुभा आहे, आणि ही झाली कागदावरची मर्यादा. हवालदाराच्या पेन्शनीत काय बसतं ते तुम्ही मला सांगा. फौजेतली उतरंड राजकारणातही तशीच्या तशी राहिली आहे, हे मला खटकतं.

आता काम. अमरिंदरसिंगांचं राजकारण मला सगळंच पटतं असं नाही. पण १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईनंतर त्यांनी खासदारकी आणि पक्ष दोन्ही सोडले. पुढं २००४ मध्ये मुख्यमंत्री असताना, दिल्लीत स्वतःच्याच पक्षाचं सरकार असूनही, पंजाबचे नदीपाणी वाटपाचे करार रद्द करणारा कायदा विधानसभेत मंजूर करून घेतला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य असल्याचं मत दिलं. कायदा चुकला असेल. पण माणूस वरून आदेश येण्याची वाट पाहत बसला नाही.

खंडुरींचं उदाहरण मला जास्त शिकवून जातं. २०११ साली त्यांच्या सरकारनं भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकायुक्ताचं विधेयक आणलं आणि मुख्यमंत्र्यालाही, म्हणजे स्वतःलाही, त्याच्या कक्षेत घेतलं. दुसऱ्याच वर्षी निवडणूक झाली, पक्षानं प्रचार त्यांच्याच नावावर केला आणि कोटद्वारमधून ते स्वतः पडले. लोकांना कायदा दिसत नाही, हे आमच्या धंद्यातलं कडू सत्य. नंतर ते लोकसभेत गेले, संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. मार्च २०१८ मध्ये त्या समितीचा अहवाल आला. लष्कराची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट झाली आहे, ही उपलष्करप्रमुखांनी दिलेली साक्ष त्यात नोंदवलेली होती. सरकार त्यांच्याच पक्षाचं. त्याच वर्षी सप्टेंबरात अध्यक्षपद दुसऱ्याकडे गेलं.

तुम्ही म्हणाल, पक्षाचा व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश असतो, आमदार काय करणार? १९८५ साली संविधानात पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली तेव्हापासून हे उत्तर तयार असतं. फौजीला तर ते सोयीचंच वाटतं. पुन्हा एकदा वरचा हुकूम. पण व्हीप मतदानाला लागतो. प्रश्न द्यायला, समितीत सचिवाला फायली घेऊन बोलवायला व्हीप आड येत नाही. तिथं गप्प बसलेला आमदार स्वतःच्या मर्जीनं गप्प असतो.

सभागृहात न बसताही काय होतं तेही बघा. फौजेत ट्रक चालवणारा एक शिपाई १९७५ साली राळेगणसिद्धीला परतला. अण्णा हजारेंनी कधी निवडणूक लढवली नाही, पण महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदा त्यांच्या आंदोलनाच्या रेट्यानं आला. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या नागपुरात विधानसभेनं लोकायुक्त विधेयक मंजूर केलं, त्यामागंही त्यांचाच पाठपुरावा. उत्तराखंडात जनरलनं आणलं, इथं ड्रायव्हरनं आणायला लावलं.

आपण मात्र माजी सैनिक उमेदवाराला काय विचारतो? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या खेपा, नोकरीतलं १५ टक्के आरक्षण, घरपट्टीची माफी. विचाराच, ती हक्काची गोष्ट आहे. पण तेवढ्यावर त्याला सोडू नका. आपल्या विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचा खर्च ३७२ कोटींवरून १८ हजार कोटींच्या पुढं गेला आणि भूमिपूजन १९८८ चं. नकाशा वाचता येणारा, रसद मोजता येणारा माणूस कालव्याची कागदपत्रं वाचू शकत नाही?

आणखी एक, थोडं लांबचं. गोदावरीवर गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचासमोर तेलंगणानं मेडिगड्डा बंधारा बांधला. त्यासाठी महाराष्ट्राशी झालेला करार २०१६ चा, उद्घाटन २०१९ चं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. बंधाऱ्यामागं तुंबलेल्या फुगवट्याच्या पाण्यानं शेती बुडते, ही सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांची तक्रार त्याआधीपासूनची. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून पाटबंधारे खातं उत्तमकुमार रेड्डींकडे आहे. हवाई दलात मिग विमानं उडवलेला माणूस. पण ते उत्तर देणार हैदराबादच्या सभागृहाला. सिरोंचाच्या शेतकऱ्याचा प्रश्न आपल्याच सभागृहात, आपल्याच आमदारानं विचारायचा असतो, मग तो फौजी असो की नसो.

आता कामाचं सांगतो आणि थांबतो. अधिवेशन डिसेंबरात असतं. तारांकित प्रश्नाची सूचना त्याच्या कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. आपण मोर्चा घेऊन नागपूरला पोचतो तोवर ती मुदत केव्हाच संपलेली असते. म्हणून दसऱ्याच्या सुमारास आमदाराकडे जा. निवेदन नको, सरळ प्रश्न लिहून न्या: कोणतं काम, कोणत्या वर्षी मंजूर, किती खर्च झाला, का थांबलं. त्याची पोच घ्या. आणि जानेवारीत त्याला उत्तराची प्रत मागा.