राखेखालचा विस्तव

(चाळीसगावात एका व्याख्यानमालेत जानेवारीअखेरीस दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव ‘वणवा आणि आपण’ असं छापलंय. ते संयोजकांनी ठेवलं. मला विचारलं असतं तर मी नुसतं ‘शेकोटी’ म्हटलं असतं. वणव्यावर बोलायला वनखात्याची माणसं आहेत. मी जन्मभर भूगोल शिकवला, पोरांना घेऊन डोंगर हिंडलो आणि त्या नादात शेकोट्या भरपूर पेटवल्या. तेव्हा आज मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय असं समजा.

आपल्या खान्देशी माणसाला विस्तव पेटवायला निमित्त लागत नाही. थंडी पडली, बामणोदची वांगी बाजारात आली, की ती गॅसवर भाजणाऱ्याला आपण माणसात धरत नाही. शेतात पऱ्हाट्यांचा जाळ हवा. साल काळीठिक्कर झाली पाहिजे, वांगं आतून शिजून ढिलं पडलं पाहिजे, आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या. यात कुणाला काही म्हणायचं नाही. डिसेंबरातलं नांगरलेलं वावर, चारी बाजूंना काळी माती, शेजारी विहीर. तिथं जाळ करा, नाचा, मला बोलवा.

पण हाच माणूस मार्चमध्ये नवस फेडायला डोंगरातल्या देवीला जातो. सोबत गोवऱ्यांचं पोतं. कुणी बट्टी वाफवून तळतात, पण ज्यांना भाजलेलीच लागते ते देवळामागं सावली बघून गोवऱ्या रचतात. सावली असते सागाची. सागाखाली पाचोळा असतो घोट्याएवढा. दोनशे माणसं जेवतात, पत्रावळी तिथंच, भांडी गाडीत, आणि गोवऱ्यांचा ढीग वरून पांढरा पडलेला. सगळ्यांना वाटतं, विझला.

गोवरी विझलेली कशी ओळखायची, हे इथल्या आजीबाईंना विचारा. माझी आजी रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला सारायची, चार काड्या ठेवायची, फुंकणी लावायची. काडेपेटी महाग होती, म्हणून विस्तव रात्रभर सांभाळायचा. राखेनं हवा पोचते ती अगदी थोडी, निखारा जळतो तोही अगदी थोडा, आणि ऊब बाहेर जात नाही. आता सहलीला गेलेला माणूस निघताना काय करतो? पायानं चार लाथा माती ढकलतो शेकोटीवर. म्हणजे विस्तव सांभाळायची जी रीत आजीनं शिकवली, तीच तो विझवायची म्हणून वापरतो. पुढचं फुंकणीचं काम वारा करतो. सकाळी डोंगरात वारा पडलेला असतो. ऊन चढलं की दुपारी तो दरीतून वर वाहायला लागतो. आपण सकाळी सातला निघून घरी पोचलेले असतो, जेवून झोपलेले असतो, तेव्हा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. फेब्रुवारीचा शेवट, पाटणादेवीच्या बाजूचा डोंगर, बारा पोरं आणि मी. रात्री तीन दगडांवर खिचडी, मग शेकोटी, गाणी, भुतांच्या गोष्टी, सगळं रीतसर. परवानगी होती का, असं विचारू नका. सकाळी उरलेलं अर्धं कॅन पाणी ओतलं, वर माती लोटली, आणि मी पोरांना जबाबदार नागरिक कसा असतो यावर दोन वाक्यंही बोललो. तेवढ्यात एक म्हातारा गुराखी आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, काखेत पाण्याची बाटली, दोरीनं बांधलेली. आमच्याशी बोललाच नाही. उकिडवा बसला, काठीनं माती उकरली. खाली बोराएवढे चार निखारे, लालभडक. वारा लागताच एकानं डोळा उघडावा तसं केलं. म्हातारा म्हणाला, ‘इस्तो मरेल नही शे, दादा.’ आणि त्यानं त्याची बाटली उघडून सगळं पाणी त्यात ओतलं. चर्रर्र आवाज झाला, राखेची वाफ आमच्या तोंडावर आली. काठीनं ढवळलं, मग चिखलात उलटा पंजा ठेवून पाहिला. परत काठी घातली, परत हात. मग उठला आणि गुरांमागं गेला.

ते त्याचं दिवसभराचं प्यायचं पाणी होतं. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. पायथ्याशी हातपंपावर पोरं पाणी प्यायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोवर तो दोन डोंगर पलीकडं असेल.

मी आज जे सांगायला आलोय ते एवढंच आहे खरं तर: शेकोटीची मजा एकाची आणि पाणी दुसऱ्याचं. आणि कायद्यातही ते तसंच लिहून ठेवलंय, कसं ते बघा.

१९२७चा भारतीय वन कायदा, कलम २६. राखीव जंगलात वनाधिकाऱ्यानं जाहीर केलेल्या मोसमाखेरीज विस्तव पेटवणं, ठेवणं किंवा नुसता नेणं हासुद्धा गुन्हा आहे. ‘नेणं’ हा शब्द बघा, पेटती बिडीही त्यात आली. म्हणजे मोसमी बंदी हे काही कुणा साहेबाच्या डोक्यातून परवा निघालेलं खूळ नाही, शंभरेक वर्षांची गोष्ट आहे. अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० आहेच. पण मला तुमचं लक्ष कलम २६च्याच तिसऱ्या पोटकलमाकडं वेधायचंय. राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क ठरावीक मुदतीपुरते बंद करू शकतं. शिक्षा वेगळी, हे वेगळं. आता सांगा, तिथं चराईचा हक्क कुणाचा? माझा नाही, तुमचा नाही. त्या म्हाताऱ्याचा. आणि कलम ७९ म्हणतं की जंगलात ज्याला हक्क आहे त्यानं आग लागल्याचं कळवायचं आणि विझवायलाही लागायचं. शेकोटी माझी, विझवणं त्याचं, आणि वरून गुरं बांधून ठेवणंही त्याचंच.

आता बंदीचा, म्हणजे वणव्याचा मोसम कोणता, तर आपल्या राज्यात साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ धरतात. तारीख कागदावरची असली तरी डोंगर बघितला की पटते. आपलं जंगल पानगळीचं. साग, सलई, धावडा, अंजन, टेंभुर्णी. संक्रांतीनंतर पान गळायला लागतं, आणि सागाचं वाळलेलं पान म्हणजे पापडच. त्याखाली कुसळी वाळून उभी. सातपुड्यात आणखी एक गवत आहे, रोशा. त्याचं तेल काढतात. नंदुरबारकडं एके काळी त्याच्या भट्ट्या लागायच्या आणि ते तेल लांबलांब जायचं. ज्या गवतातून अत्तराचं तेल निघतं ते वाळल्यावर ठिणगीला काय करेल, याचा प्रयोग घरी करू नका. त्यात आपला उन्हाळा. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो ते आपण अभिमानानं सांगतो, जणू आपणच तापवलाय. आणि आग चढावर पळते. वरचं गवत आधी भाजून तयार करते, मग पेटवते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट, असा ठोकताळा आहे. सातपुड्यात दहा अंशांचा उतार म्हणजे सपाटीच म्हणायची.

मार्च २०१८मध्ये तमिळनाडूत तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली वीसहून जास्त माणसं वणव्यात गेली. ती शेकोटीची आग होती असं मी म्हणत नाही. तारीख होती ११ मार्च, एवढंच लक्षात ठेवा. आपल्याकडं परीक्षा संपल्यावरच्या सहली ठरतात त्याच सुमाराला.

आता सभागृहात मागं कुणीतरी कुजबुजलं, ‘आदिवासीच लावतात.’ ऐकलं मी. बोलूया त्यावर. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, हे खरं आहे. टेंभुर्णीला नवी पानं चांगली फुटावीत म्हणून आग लावली जाते, हेही खरं आहे, आणि तेंदूपत्ता पुढं कुठं जातो, बिडी कोण ओढतं, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. त्यातून वणवे लागतात, मोठे लागतात. त्यावर उपाय आहेत, झाडाखाली जुनी साडी नाहीतर जाळी अंथरून फुलं गोळा करणं हा त्यातला साधा. पण त्याचं पोट त्या फुलांवर आहे. माझी शेकोटी कशावर आहे? जेवण डब्यात आणलेलं, स्वेटर अंगात, मार्चच्या रात्री थंडीही बेताची. मी पेटवली ती फोटोसाठी आणि गाण्यांसाठी. दोघांना एका तागडीत घालणं मला पटत नाही.

आणि विस्तव कसा पेटवावा हे शिकायचं असेल तर अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाच्या गावची होळी बघून या. ऐन वणव्याच्या मोसमात पेटते, पहाटे. मोकळी जागा, उंच बांबू, रात्रभर ढोल, हजारो माणसांची नजर तिच्यावर. एवढ्या डोळ्यांदेखत विस्तव चोरून कुठं पळणार? मला भीती त्या विस्तवाची वाटते ज्याकडं बघायला कुणी मागं राहिलेलं नाही.

बाहेरच्या देशांत काय करतात ते थोडक्यात सांगतो, कारण तिकडचं सांगितलं की आपल्याला लवकर पटतं. अमेरिकेतल्या सरकारी जंगलांत बंदी सहसा पायऱ्यांनी चढते. रान वाळायला लागलं की पहिली पायरी, शेकोटी फक्त ठरवून दिलेल्या पक्क्या जागी. आणखी वाळलं की दुसरी, शेकोटी बंद, पण बटण फिरवून विझणारा गॅसचा स्टोव्ह चालतो. पाऊस झाला की बंदी उठते. आणि तरीही मोडणारे मोडतात. २२ जुलै २०१६ला कॅलिफोर्नियात गारापाटा नावाच्या सरकारी उद्यानात कुणीतरी शेकोटी केली, जिथं करायला मनाईच होती, आणि तशीच सोडून दिली. ती आग ऑक्टोबरात आटोक्यात आली. १,३२,००० एकर जळालं. म्हणजे आपलं यावल अभयारण्य एकदा जाळा, दुसऱ्यांदा जाळा, तिसऱ्यांदा जाळा, तेवढं. पन्नासहून जास्त घरं गेली, आग अडवायला आलेला एक बुलडोझर चालक गेला. एका शेकोटीपायी.

आपल्याकडं पायऱ्या नाहीत, पाट्या आहेत. ‘जंगलास आग लावू नका.’ बारमाही. ऊन खाऊन अक्षरं गेलेली, खाली कुणाचं तरी बदाम आणि बाण. मला त्या पाटीत दोष दिसतो तो भाषेचा. आग लावणं हे आपल्या भाषेत वाईट माणसाचं काम आहे. आग लाव्या म्हणजे शिवी. शेकोटी करणाऱ्याला ती पाटी आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही, तो कुठं आग लावतोय? देवीला बट्टी करणाऱ्या माउलीला तर नाहीच नाही. तिथं सरळ लिहा: १५ फेब्रुवारी ते १५ जून चूल बंद, शेकोटी बंद, गोवऱ्या बंद, बिडी बंद. आणि १६ जूनला ती पाटी काढून ठेवा. बारा महिने दिसणारी पाटी झाडासारखी होते, माणूस तिच्या सावलीत गाडी लावतो.

वनखात्याकडं उपग्रह आहे म्हणाल तर आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४पासून उपग्रहावरून आगीचे ठिकाण कळवते, आता थेट मोबाइलवर संदेश येतो, गावकऱ्यांनाही नाव नोंदवता येतं. नोंदवा. पण उपग्रह दिवसातून काही वेळाच डोक्यावरून जातो आणि त्याच्या एका ठिपक्यात ३७५ मीटर लांबी-रुंदीचं रान मावतं. तुमची शेकोटी त्याला दिसत नाही. दिसतो तो पेटलेला डोंगर. मग वनमजूर निघतात. पाठीवर ब्लोअर, नसला तर हिरव्या फांद्या तोडून झोडपायचं. हिवाळ्यातच गवत काढून, जाळून जाळरेषा केलेल्या असतात, तिथं आग अडली तर अडली. एकदा मी त्यातल्या एका वनमजुराचे बूट पाहिले, तळ वितळून बोटांपाशी गोळा झालेला. तो म्हणाला, या मोसमातला दुसरा जोड आहे.

संयोजक घड्याळ दाखवतायत. शेवटी एक घोषणा, तीही त्यांच्याच परवानगीनं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आपण पाटणादेवीला जाणार आहोत. सकाळी सहाला एसटी स्टँडवर जमायचं, संध्याकाळी परत. वरण थर्मासमध्ये, बट्टी घरूनच भाजून आणायची. गार बट्टी घशाखाली उतरत नाही अशी तक्रार आताच दोघातिघांनी केली. त्यांनी तूप जास्त आणावं. पाणी प्रत्येकानं दोन बाटल्या आणायचं, एक आपल्याला, आणि एक वाटेत कुणी गुराखी भेटला तर त्याला.